कारखाना आणि साइटसाठी एक्स्टेन्शन कॉर्ड : काय बघून घ्यावी?

भट्टी

नमस्कार मंडळी,

आमचं फॅब्रिकेशनचं काम आहे. शेडमध्ये कटिंग-वेल्डिंग आणि बाहेर साइटवर जाऊन स्ट्रक्चर उभं करणं, दोन्ही चालतं. एक्स्टेन्शन ही वस्तू आमच्याकडे आजवर कुणी ठरवून घेतलेली नाही. काही तयार आणलेली, काही लाकडी बोर्डाला वायर जोडून केलेली, काहींना मध्येच टेप मारलेली. आता सगळी बाद करून नवीन घ्यायची आहेत. घेण्याआधी विषय नीट समजून घ्यावा म्हणून हा धागा.

मशिनं अशी आहेत : ४ इंची आणि ७ इंची ग्राइंडर, मॅग्नेटिक ड्रिल, चॉप सॉ, एक लहान इन्व्हर्टर वेल्डिंग सेट, शिवाय दिवे. साइटवर डीबीपासून (वीज वाटणाऱ्या बॉक्सपासून) कामाची जागा बऱ्याचदा ४०-५० मीटर लांब असते. खाली पाणी-चिखल आणि वायरीवरून लोखंडाची ने-आण.

विक्रेत्याचं म्हणणं, "१६ अँपिअरचा बोर्ड घ्या, निर्धास्त राहा." मला हे पुरेसं वाटत नाही. वायर किती जाडीची? ड्रम घ्यावा की मोकळी कॉर्ड? साधा थ्री पिन टॉप चालेल की इंडस्ट्रियल? जाणकारांनी कृपया लिहावं.

तांबट

तुमची शंका रास्त आहे. सॉकेटवर छापलेला १६ चा आकडा त्या सॉकेटपुरता असतो. त्याच्यामागे किती लांबीची, किती जाडीची वायर आहे हे त्या आकड्याला ठाऊक नसतं.

आधी जाडी आणि लांबीचा हिशेब करू. बारीक तारांच्या लवचीक तांब्याच्या कोअरसाठी (आवरणाच्या आतल्या एकेका वायरीसाठी) आयईसी ६०२२८ या आंतरराष्ट्रीय मानकात २० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त किती रोध चालेल ते दिलेलं आहे. दर किलोमीटरला दीड स्क्वेअर एमएमसाठी १३.३ ओहम, अडीचसाठी ७.९८, चारसाठी ४.९५ आणि सहासाठी ३.३०.

तुमची कॉर्ड ५० मीटरची असली तरी करंट जाऊन परत येतो, म्हणून १०० मीटर धरायचे. दीडच्या वायरीत १.३३ ओहम होतात. ७ इंची ग्राइंडर साधारण १० अँपिअर घेतो, म्हणजे १३.३ व्होल्ट वायरीतच गेले. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात हे पावणेसहा टक्के होतात. अडीचच्या वायरीत ८ व्होल्ट, म्हणजे साडेतीन टक्के. चारच्या वायरीत ५ व्होल्ट. वायर कामामुळे गरम झाली की रोध वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात ड्रॉप याहून थोडा जास्तच येणार.

पण व्होल्टेज ड्रॉपपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि खरेदीच्या वेळी ती कुणी विचारत नाही : कॉर्डच्या पार शेवटच्या टोकाला शॉर्ट झाला तर डीबीतला एमसीबी (जादा करंटला आपोआप बंद होणारा स्विच) लगेच पडेल का?

सी प्रकारचा एमसीबी तत्काळ पडण्यासाठी त्याच्या आकड्याच्या ५ ते १० पट करंट लागतो. म्हणजे सी-१६ नक्की पडायला १६० अँपिअर हवेत. समजा डीबीपर्यंतच्या लूपचाच, म्हणजे करंट जाऊन परत येण्याच्या पूर्ण वाटेचा, रोध ०.८ ओहम आहे. त्यात दीडच्या ५० मीटर कॉर्डचे १.३३ मिळवले की २.१३ ओहम. २३० भागिले २.१३ म्हणजे १०८ अँपिअर. १६० कुठे आणि १०८ कुठे! अशा वेळी एमसीबीची थर्मल पट्टी तापून तो पडेपर्यंत काही सेकंद जातात, आणि तेवढा वेळ ते १०८ अँपिअर तुमच्या दीडच्या वायरीतून धावत असतात.

अडीचची वायर घेतली तर सुमारे १४४ अँपिअर मिळतात. तेही कमीच. चारची घेतली तर १७७, तिथे काम होतं. किंवा साइटच्या डीबीत त्या आउटलेटला बी-१६ लावायचा. त्याला ३ ते ५ पट, म्हणजे जास्तीत जास्त ८० अँपिअर लागतात. मग अडीचची वायर आरामात बसते. दीडचीसुद्धा या कसोटीला उतरते, पण ड्रॉपमुळे ५० मीटरला मी ती घेणार नाही.

एक्स्टेन्शन लावलं की ते त्या सर्किटचा भाग होतं, हे धरून चालावं. वायरिंग करताना जो हिशेब करतात, तोच इथेही करायचा.

चक्रधर

तांबट, फार उपयुक्त माहिती. एक शंका. आरसीसीबी (करंटची गळती ओळखून बंद होणारा स्विच) असेल तर लूपचा हिशेब कशाला? ३० मिलिअँपिअरला तो पडणारच ना?

तांबट

फेज अर्थला लागला किंवा माणसाच्या अंगातून करंट गेला तर आरसीसीबी पडेल. तिथे लूपमध्ये एखादा ओहम जास्त असला तरी अडत नाही. पण वायरीवर लोखंडी चॅनल पडून फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडले, तर गेलेला करंट सगळाच्या सगळा न्यूट्रलमधून परत येतो. आरसीसीबीला फरकच दिसत नाही. तिथे एमसीबीच हवा. दोघांची कामं वेगळी आहेत, एक असला म्हणून दुसरा सोडता येत नाही.

चक्रधर

समजलं. आणि ड्रॉप सहा टक्के झाला तर ग्राइंडरला नेमकं काय होतं? थोडा हळू फिरेल इतकंच ना?

दंडगोल

याचं मी सांगतो, मोटर रिवाइंडिंग माझं रोजचं काम आहे.

ग्राइंडर, ड्रिल ही ब्रशवाली मशिनं. व्होल्टेज कमी मिळालं की वेग उतरतो. कामगाराला वाटतं मशीन कापत नाही, मग तो जोर देतो. करंट वाढतो आणि आतला पंखा मात्र हळू फिरत असतो. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळण्याचं हे ठरलेलं कारण. माझ्याकडे येणाऱ्या जळक्या आर्मेचरमागे लांब, बारीक वायर वरचेवर निघते. फील्ड कॉइल ठीक असते आणि आर्मेचरचं वार्निश काळं पडून कम्युटेटरच्या कडेला टाके सुटलेले असतात.

इंडक्शन मोटर असेल, कॉम्प्रेसर वगैरे, तर आणखी वाईट. तिचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं की टॉर्क १९ टक्के कमी. आणि सुरू होताना ती चालू करंटच्या ५ ते ७ पट घेते, म्हणजे ड्रॉप नेमका त्याच वेळी सगळ्यात जास्त. मोटर गुणगुणत राहते, उचलत नाही आणि वाइंडिंग तापत राहतं. कॉम्प्रेसर शक्यतो एक्स्टेन्शनवर लावूच नये. डीबीजवळ ठेवावा आणि हवेचा पाइप लांब न्यावा.

पायवाट

हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. वायर लांबवण्याऐवजी हवेचा पाइप लांबवायचा, हे डोक्यातच येत नाही.

काजळी

भट्टी, ड्रमबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. मी एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. मागे एका कंत्राटदाराच्या माणसांनी ५० मीटरचा ड्रम आणला होता. दीडची वायर, सोडली होती जेमतेम सात-आठ मीटर, बाकी सगळी ड्रमवरच. त्यावर हॉट एअर मशीन चालू. दुपारनंतर जळका वास आला म्हणून मी बंद करायला लावलं.

वरून ड्रम व्यवस्थित दिसत होता. वायर ओढली तर वरचे थर सुटले आणि त्याखालची वायर एकमेकींना चिकटून एक कडी झालेली. बाहेरचं आवरण ब्लेडने कापलं तर आतलं निळं आणि तपकिरी इन्सुलेशन जागोजागी एकमेकांत मिसळलेलं, काही ठिकाणी मध्ये फक्त पापुद्रा उरलेला. तांबं जांभळट. एमसीबी मात्र जागचा हललेला नाही, कारण करंट होता १३ अँपिअर. १६ च्या एमसीबीला त्याचं काहीच वाटत नाही.

तांबट यांनी दिलेला रोध घेऊन गणित करून बघा. १३ गुणिले १३ गुणिले १.३३ म्हणजे सव्वादोनशे वॅट उष्णता. मोकळ्या पसरलेल्या ५० मीटर वायरीतून ती सहज निघून जाते. गुंडाळीत मात्र आतल्या थरांना हवाच नसते, ती उष्णता तिथेच साठत राहते.

चांगल्या ड्रमवर दोन आकडे छापलेले असतात, एक गुंडाळलेल्या अवस्थेचा आणि एक पूर्ण सोडलेल्या अवस्थेचा. उदाहरणार्थ १००० वॅट आणि ३००० वॅट. इतका फरक असतो. ज्या ड्रमवर एकच आकडा आहे तो घेऊ नका. आणि थर्मल कटआउट असलेलाच घ्या. तो पडला की थंड होऊ द्यायचा, बटण दाबून ठेवायचं नाही.

आमच्याकडे आता नियम आहे : ड्रम वापरायचा तर शेवटच्या वेढ्यापर्यंत सोडायचा, मग काम पाच मिनिटांचं असो. उरलेली वायर जमिनीवर मोठ्या नागमोडी वळणांनी पसरायची, गोल गुंडाळी करून ठेवायची नाही.

निळीशाई

बापरे. आमच्या ऑफिसात सर्व्हर रॅकच्या मागे अशीच एक गुंडाळी वर्षानुवर्षे पडून आहे. उद्या आधी ती काढते.

पारंबी

वायरीच्या प्रकाराबद्दल अजून कुणी लिहिलं नाही.

साध्या पीव्हीसी कॉर्डवर एच०५व्हीव्ही-एफ असा कोड असतो. ०५ म्हणजे ३००/५०० व्होल्ट, व्हीव्ही म्हणजे इन्सुलेशन आणि आवरण दोन्ही पीव्हीसी. ऑफिसात, कोरड्या जागी ठीक. साइटला हवी ती एच०७आरएन-एफ. ०७ म्हणजे ४५०/७५० व्होल्ट, आर म्हणजे रबराचं इन्सुलेशन, एन म्हणजे निओप्रीनचं आवरण, एफ म्हणजे लवचीक. तेल, ऊन, पाणी, रगडणं हे सगळं ती सोसते.

फॅब्रिकेशनमध्ये फरक पडतो तो ठिणग्यांमुळे. ग्राइंडरची ठिणगी पीव्हीसीवर पडली की खड्डा पडतो, कारण पीव्हीसी वितळतं. निओप्रीन वितळत नाही, वरवर करपतं. पॉलियुरेथेन आवरणाची एच०७बीक्यू-एफ नावाचीही वायर मिळते, सहसा केशरी रंगाची. घासण्या-कापण्याला ती रबरापेक्षाही चिवट आणि थंडीतही मऊ राहते. पण तीही उष्णतेने वितळणाऱ्या जातीची. वेल्डिंगचे थेंब उडतात तिथे रबरच बरं.

कोड वायरीच्या अंगावर ठरावीक अंतराने छापलेला किंवा कोरलेला असतो. छापच नसेल तर ती वायर परत करावी.

चक्रधर

पण पीव्हीसीची जाड वायर आम्ही शेडमध्ये कायम वापरत आलो आहोत. रबराची वायर जड असते, माणसं कंटाळतात.

पारंबी

शेडमध्ये वायर वरून टांगलेली असेल, खाली पायात येत नसेल तर मी हट्ट धरणार नाही. जमिनीवर असेल तर धरेन. वजनाचं म्हणाल तर २५ मीटरची कॉर्ड घ्या, एकट्या माणसाला उचलता येते.

चक्रधर

मान्य. आणि ५० मीटर हवं तेव्हा २५-२५ च्या दोन जोडल्या तर?

तांबट

वायरीचा रोध तेवढाच राहील, पण मध्ये एक प्लग-सॉकेट वाढलं. ते जुनं, सैल असेल आणि तिथे ०.१ ओहम जरी तयार झाला तरी १३ अँपिअरला जवळजवळ १७ वॅट एका जागी, प्लगच्या पोटात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची लहान सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते, त्यावरून अंदाज करा. प्लगची एक पिन तपकिरी पडलेली आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक फुगलेलं दिसतं, ते यामुळेच. असा प्लग पॉलिशपेपरने घासून परत वापरू नका. सॉकेटमधली स्प्रिंग उष्णतेने मऊ झालेली असते, ती नवी पिनही जळवते. दोन्ही बाजू बदलायच्या.

शिवाय तो जोड नेमका चिखलात येतो. जोडणं भागच असेल तर इंडस्ट्रियल कपलरच वापरावा, आणि जमिनीपासून उचलून ठेवावा. दोनपेक्षा जास्त कॉर्ड एकामागे एक कधीच नको.

घड्याळजी

टॉपच्या प्रश्नावर मी लिहितो. साइटवर साधा थ्री पिन टॉप नको. त्याला पाण्यापासून संरक्षण नसतं आणि ओढला की निघतो. आयईसी ६०३०९ चे गोल इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट घ्या. रंगावरून व्होल्टेज कळतं : पिवळा १०० ते १३० व्होल्ट, निळा २०० ते २५०, लाल ३८० ते ४८०. आकार १६, ३२, ६३ आणि १२५ अँपिअरचे, एकाचा दुसऱ्यात जात नाही.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. अर्थची पिन इतरांपेक्षा जाड असते आणि व्होल्टेजप्रमाणे तिची जागा घड्याळाच्या तासांवर ठरलेली असते. निळ्या २३० व्होल्टच्या सॉकेटकडे समोरून, खाच खाली धरून पाहिलं तर अर्थ सहाच्या जागी. पिवळ्या ११० व्होल्टच्या सॉकेटला चारच्या जागी. रंग उडाला, माती लागली, अंधार असला तरी चुकीचा प्लग बसतच नाही.

पाण्याबद्दल : आयपी ४४ म्हणजे कुठूनही पाण्याचे शिंतोडे चालतील. आयपी ६७ म्हणजे धूळबंद आणि १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारं, त्याला फिरवून आवळायची रिंग असते. लक्षात घ्या, हे आकडे प्लग पूर्ण बसलेला असताना किंवा झाकण लावलेलं असतानाच खरे. झाकण तुटलेल्या आयपी ६७ सॉकेटचा काही उपयोग उरत नाही. आणि तुमच्याकडे ग्राइंडिंगची लोखंडी धूळ आहे, ती वीजवाहक असते. शेडमध्येही झाकणवालीच सॉकेटं घ्या.

भट्टी

किती छान माहिती देताय सगळे. मनापासून आभार.

वेल्डिंग सेटचं काय करावं? त्याला सध्या १६ चा प्लग आहे.

ठिणगी

मी वेल्डिंगवालाच. सेटच्या प्लेटवर इनपुट करंट दिलेला असतो तो बघा, आउटपुट नव्हे. २०० अँपिअर आउटपुटचे सिंगल फेज इन्व्हर्टर पूर्ण भारावर साधारण २५ ते ३० अँपिअर ओढतात. तसं असेल तर ३२ चा प्लग आणि लांबी पाहून चारची किंवा सहाची वायर. १६ च्या कॉर्डवर तो फक्त बारीक रॉडपुरता.

आता एक गोष्ट, जी वेल्डरलाही कधी कुणी सांगत नाही. वेल्डिंगची रिटर्न केबल, जिला आपण साइटवर 'अर्थ क्लॅम्प' म्हणतो, ती जॉबला नीट लागली नाही, गंजावर किंवा रंगावर लावली, तर वेल्डिंगचा करंट परतीचा दुसरा रस्ता शोधतो. त्याच जॉबवर धातूच्या बॉडीचं मॅग्नेटिक ड्रिल चिकटवलेलं असेल तर तो करंट ड्रिलच्या बॉडीतून तिच्या अर्थ वायरीत शिरतो आणि तुमच्या एक्स्टेन्शनच्या अर्थ कोअरमधून परत जातो. दीड-अडीचच्या कोअरमधून शंभर-दीडशे अँपिअर! कोअर आतल्या आत जळते. बाहेरून काहीच कळत नाही, ड्रिल चालतच राहतं, फक्त अर्थ गेलेला असतो. त्यानंतर एखाद्या दिवशी बॉडीला फेज लागला की काय होईल ते सांगायला नको.

त्यामुळे क्लॅम्प वेल्डच्या शक्य तितक्या जवळ, घासून पांढऱ्या केलेल्या लोखंडावर लावायचा. आणि अशा कामानंतर एक्स्टेन्शनची अर्थ कंटिन्युइटी मीटरने तपासायची.

दंडगोल

+१. हे वाचून आमच्याकडे आलेल्या एका ड्रिलच्या जळलेल्या अर्थ वायरीचा उलगडा झाला.

निळीशाई

ऑफिसवाल्यांसाठीही कुणी लिहाल का? आमच्याकडे मजल्यावर सगळीकडे स्ट्रिपला स्ट्रिप जोडलेल्या आहेत आणि आरसीसीबी अधूनमधून कारण नसताना पडतो.

तांबट

निळीशाई, कारण असतं. कॉम्प्युटर, प्रिंटर यांच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे प्रत्येकाचा थोडा करंट अर्थला कायम जात असतो. एकेकाचा किरकोळ असतो, पण तो साचत जातो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, मानकाला ते मान्य आहे. एका आरसीसीबीवर दोन डझन मशिनं टाकली की तो काठावरच उभा असतो. एखादी केटल लावली की पडतो. उपाय म्हणजे सर्किटं वाटून घेणं. आरसीसीबी काढून टाकणं किंवा १०० चा बसवणं नव्हे.

आणि मशिनं कायमची तिथेच राहणार असतील तर ते काम एक्स्टेन्शनचं नाही. भिंतीत किंवा फ्लोअर बॉक्समध्ये पॉइंट काढून घ्या. कार्पेटखालून, फॉल्स सीलिंगवरून, दाराच्या फटीतून नेलेली कॉर्ड खराब झाली तरी कुणाला दिसत नाही, धोका तिथेच आहे. रूम हीटर तर स्ट्रिपवर कधीच लावू नये. पूर्ण भार तासन् तास चालू राहतो आणि स्ट्रिपच्या आतली पत्र्याची पट्टी बहुधा त्यासाठी केलेलीच नसते.

सावली

आम्ही साइटवर आरसीसीबी लावला होता, पावसात सारखा पडायचा म्हणून सुपरवायझरने बायपास केला. काम थांबतं हो.

काजळी

सावलीताई, पावसात तो पडतो याचा अर्थ कुठेतरी पाणी शिरतंय आणि करंट गळतोय. तो बायपास केला म्हणून गळती थांबत नाही, ती माणसाची वाट पाहते. एकेक कॉर्ड काढून बघा, कोणती लावली की पडतो ते सापडतं. बहुतेक वेळा टेप मारलेला जोड किंवा फुटलेला कपलर निघतो. आणि प्रत्येक आउटलेटला वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) लावला तर एकाच्या दोषाने सगळी साइट बंद पडत नाही. खर्च जास्त, पण मग बायपास करायचा मोह कुणाला होत नाही.

प्रकारही बघून घ्या. वेग कमी-जास्त करणारी ग्राइंडर, इन्व्हर्टर सेट यांच्यामुळे दोषाच्या वेळी अर्धा कापलेला (लाटेची एकच बाजू उरलेला) करंट वाहू शकतो. एसी प्रकारचा आरसीसीबी तो ओळखेलच असं नाही. ए प्रकारचा घ्या.

गेजवाला

आमच्याकडे परदेशी मशीनबरोबर एक कॉर्ड आली, तीवर १२ गेज आणि एसजेटीडब्ल्यू लिहिलंय. हे काय?

पारंबी

अमेरिकन गेज. आकडा लहान तितकी वायर जाड : १२ म्हणजे ३.३ स्क्वेअर एमएम, १४ म्हणजे २.१, १६ म्हणजे १.३. अक्षरांत 'जे' (J) असलं की ३०० व्होल्टची हलक्या कामाची, 'जे' नसलेली ६०० व्होल्टची दणकट. टी म्हणजे थर्मोप्लास्टिक, डब्ल्यू म्हणजे बाहेर, उन्हापावसात चालणारी.

भट्टी

आमच्या माणसाने कॉर्ड तयार करायची झाली तर काय पाहावं? आणि तांबं खरं आहे हे कसं ओळखायचं?

दंडगोल

तांबं ओळखणं सोपं आहे. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशी वायर तांब्याच्या सुमारे दोन तृतीयांशच वीज वाहते. लायटरच्या ज्योतीत बारीक तार धरली की ॲल्युमिनियमची वितळून गोळा होते, तांबं नुसतं लाल होतं. चुंबकाने काही कळत नाही, तो दोघांनाही ओढत नाही.

जाडीही मोजून घ्या. अडीचच्या लवचीक कोअरमध्ये साधारण पाव मिलिमीटरच्या ५० तारा असतात, दीडच्यात ३०. तारेची जाडी थोडी वेगळी असेल तर संख्या बदलेल, पण मायक्रोमीटर लावून तारा मोजल्या की गुणाकार करता येतो. वायरीच्या बाहेरच्या जाडीवर जाऊ नका. आवरण जाड करून आत कमी तांबं घालणारे पुष्कळ आहेत.

कॉर्ड जोडताना तारांच्या टोकांना शिसं-कथील लावून मग स्क्रूखाली दाबण्याची पद्धत आहे, ती बंद करा. कथील दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो आणि टर्मिनल तापतं. फेरूल (तारांच्या टोकावर चढवायची धातूची नळी) क्रिंप करून, म्हणजे दाबून, बसवा. अर्थची कोअर आत थोडी लांब ठेवा. कॉर्ड ओढली जाऊन निसटलीच तर फेज आधी सुटला पाहिजे, अर्थ सगळ्यात शेवटी. आणि ग्लँड (कॉर्ड आत शिरते तिथली पकड) बाहेरच्या आवरणाला पकडतोय ना, ते बघा. आतल्या कोअर बाहेर दिसत असतील तर ती कॉर्ड तयार नाही.

टू पिनचं, डबल इन्सुलेटेड मशीन असलं तरी कॉर्ड तीन कोअरचीच. उद्या तिच्यावर दुसरं मशीन लागणारच.

काजळी

तपासणीचं थोडक्यात : रोज वापरण्याआधी डोळ्यांनी आणि हाताने, प्लग काढून, पूर्ण लांबीवरून हात फिरवत. चिरा, मऊ पडलेली जागा, दबलेली जागा, प्लगचा वास. ठरावीक मुदतीने मीटरने : ५०० व्होल्ट डीसी मेगरला (इन्सुलेशन तपासायच्या मीटरला) किमान १ मेगाओहम, आणि अर्थ कोअरचा रोध लांबीच्या हिशेबापेक्षा जेमतेम ०.१ ओहम जास्त, त्याहून जास्त नाही. २५ मीटर अडीचसाठी तांब्याचाच ०.२ ओहम येतो. प्रत्येक कॉर्डला नंबर द्या. बाद केलेल्या कॉर्डचे प्लग लगेच कापून टाका, नाहीतर ती संध्याकाळपर्यंत परत कामावर दिसते.

आणि वायर मचाणाला बाइंडिंग वायरने बांधू देऊ नका. ती आवरणात रुतते आणि पूर्ण मचाण जिवंत होऊ शकतं. प्लास्टिकचे हुक मिळतात.

भट्टी

सगळ्यांचे उत्तर वाचून ऑर्डरची यादी केली आहे. एच०७आरएन-एफ, तीन कोअर, अडीचची, २५ मीटर, निळे १६ चे आयपी ६७ प्लग-कपलर, ही मुख्य. वेल्डिंगसाठी वेगळी ३२ ची, सहाची वायर. साइटच्या डीबीत प्रत्येक आउटलेटला ३० मिलिअँपिअरचा ए प्रकारचा आरसीबीओ. ड्रम फक्त दिव्यांसाठी, थर्मल कटआउटवाला. काही राहिलं का?

तांबट

आरसीबीओ घेताना बी कर्व्हचा मागा, न सांगता बहुधा सी येतो. बी लावून सगळ्यात मोठं मशीन सुरू करून बघा. चॉप सॉ सुरू होताना तो पडत असेल तर फक्त त्या आउटलेटला सी ठेवा आणि ते मशीन एका २५ मीटरच्या कॉर्डच्या पुढे नेऊ नका. आणि ०.८ ओहम मी गृहीत धरला होता. तुमच्या डीबीवरचा खरा आकडा लूप टेस्टरने मोजून घ्या, तो जास्त निघाला तर वरचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागेल.

भट्टी

नक्की. वायरमनला उद्याच बोलावतो. एक शेवटचं : पुढच्या कामात टाकीच्या आत शिरून ग्राइंडिंग आहे. हीच कॉर्ड आत नेली तर चालेल?

घड्याळजी

नाही. लोखंडी टाकीत माणूस घामाने भिजलेला आणि चारही बाजूंनी अर्थला टेकलेला असतो. तिथे आरसीसीबीवर एकट्यावर विसंबू नये. हाताचा दिवा ५० व्होल्टच्या आतल्या सुरक्षित पुरवठ्यावर. ग्राइंडरसाठी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर (मशीनला मुख्य पुरवठ्यापासून वेगळा ठेवणारा), एका ट्रान्सफॉर्मरवर एकच मशीन. ट्रान्सफॉर्मर टाकीच्या बाहेर ठेवायचा, आत फक्त त्याची दुय्यम बाजूची वायर जाईल. हवेवर चालणारा ग्राइंडर मिळाला तर त्याहून उत्तम. आत ज्वलनशील वाफा असण्याची जरा जरी शक्यता असेल तर यातलं काहीच आत न्यायचं नाही. आधी टाकी रिकामी करून, धुऊन, गॅस मोजून घ्या, मगच पुढचं.